मणक्यातलं इंजेक्शन, ‘दुधासारखं औषध’ आणि सकाळचा गुपचूप चहा

गेल्या पावसाळ्यात नौपाड्यातल्या एक आजी न्हाणीघरात घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. वय ७४. हाडांच्या डॉक्टरांनी दुसऱ्याच दिवसाचं ऑपरेशन ठरवलं. भूल मी देणार होते, म्हणून आदल्या संध्याकाळी तपासायला गेले, तर मुलानं फोनवरचा एक मेसेज पुढे केला. ‘मॅडम, हे वाचून आम्ही ठरवलंय, भूल नको. वजन बांधून ठेवा, जुळेल हळूहळू.’ त्यांची समजूत काढण्यात तीन दिवस गेले. खुबा मोडून अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाला एकेक दिवस महाग पडतो. छातीत कफ साचतो, पायात रक्ताच्या गुठळ्या होतात, पाठ सोलवटते. आजींच्या माकडहाडावर लाल चट्टा उठलाच.

तो मेसेज त्यानंतर मी घोडबंदर रोडच्या दोन सोसायट्यांच्या ग्रुपवर पाहिला, ऐरोलीच्या मावशीनं मला ‘खरं आहे का गं?’ म्हणून पाठवला, आणि एकदा तर आमच्या ऑपरेशन थिएटरमधल्या सिस्टरच्या फोनवर दिसला. थोडक्यात तो असा: मणक्यात इंजेक्शन घेतलं की कंबर जन्माची जाते. भुलीचं औषध एकदाच टोचतात आणि डॉक्टर निघून जातो, डोस जास्त झाला तर माणूस उठत नाही. ज्या दुधासारख्या औषधानं मायकल जॅक्सन गेला तेच तुम्हाला देतात, नाहीतर घोड्याचं औषध देतात. भुलीनं मेंदूच्या पेशी मरतात, लहान मुलांची बुद्धी मंदावते. उपाशीपोटी भूल जास्त चढते, म्हणून सकाळी गुपचूप चहा-बिस्कीट खाऊन जा. आणि दारू पीत असाल तर सांगू नका, पिणाऱ्याला भूल चढत नाही म्हणून डॉक्टर ऑपरेशन नाकारतात.

मी बावीस वर्षं ठाण्यात भूलतज्ज्ञ म्हणून काम करते, सकाळी राम मारुती रोडच्या बाजूला, दुपारी कळव्यात, रात्री-अपरात्री सिझरसाठी जिथून फोन येईल तिथे. मेसेजचा क्रम बाजूला ठेवून, ज्या वाक्यानं माणूस टेबलावर दगावू शकतो त्यापासून सुरुवात करते.

ते वाक्य चहा-बिस्किटाचं आहे. भुलीचं औषध शिरेतून जातं. दंडातून हृदयात, तिथून मेंदूत पोहोचायला त्याला अर्धा-पाऊण मिनिट लागतं. पोट भरलेलं आहे की रिकामं, याचा त्या प्रवासाशी काहीही संबंध नाही. संबंध आहे तो ठसक्याशी. जागेपणी अन्नाचा एक कण श्वासनलिकेकडे गेला तर आपण जीव खाऊन खोकतो. भुलीत तो ठसका बंद असतो, गिळणं बंद असतं आणि अन्ननलिकेच्या तळाशी असलेली झडप सैल पडते. पोटातलं आंबलेलं अन्न वर येऊन फुप्फुसात उतरलं तर तिथलं आम्ल आतून भाजून काढतं. म्हणून हलक्या खाण्यानंतर ६ तास, तळलेलं किंवा मटण-मच्छीचं जेवण असेल तर ८ तास आणि तान्ह्या बाळाला आईच्या दुधानंतर ४ तास थांबायचं. दुधाचा चहा आमच्या हिशेबात खाण्यात मोडतो. साधं पाणी मात्र २ तास आधीपर्यंत चालतं.

इथे आमच्या बाजूची चूक मान्य केली पाहिजे. अजूनही कित्येक ठिकाणी केसपेपरवर ‘रात्री १२ नंतर पाण्याचा थेंबही नको’ असं सरसकट लिहितात आणि दुपारी दोनच्या ऑपरेशनसाठी पाच वर्षांचं पोर सकाळपासून तहानेनं रडत बसतं. ते बरोबर नाही. लोक गुपचूप खातात त्याला ही सरसकट उपासमारही कारण आहे. तुमची वेळ विचारा आणि पाणी किती वाजेपर्यंत चालेल तेही विचारा.

याच ओघात गोळ्यांचं सांगते. वजन किंवा साखर कमी करायला आठवड्यातून एकदा घ्यायची सेमाग्लुटाइडची इंजेक्शनं आता ठाण्यातही बरेच जण घेतात. त्यांनी पोट रिकामं व्हायला वेळ लागतो, सहा तास उपाशी राहूनही आत अन्न सापडू शकतं. डॅपाग्लिफ्लोझिन जातीच्या साखरेच्या गोळ्या साधारण तीन दिवस आधी थांबवाव्या लागतात, नाहीतर उपासात रक्तात आम्ल वाढतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना मणक्यात सुई घातली तर आत रक्त साकळून नस दाबली जाऊ शकते. बीपीच्या बहुतेक गोळ्या उलट त्या सकाळीही घोटभर पाण्याबरोबर घ्यायच्या असतात. हे घरी बसून ठरवू नका. सगळी पाकिटं पिशवीत घालून घेऊन या, आम्ही एकेक बघून सांगतो.

आता कंबर. ही भीती मला सगळ्यात जास्त भेटते आणि ती बहुतेक वेळा सासूबाईंच्या तोंडून येते. ‘हिच्या जावेची कंबर त्या सुईनंच गेली.’ मोठ्या माणसात मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो. आम्ही सुई घालतो ती त्याच्या खाली, साधारण तिसऱ्या-चौथ्या मणक्यामधल्या फटीत. तिथे रज्जू नसतो, पाण्यासारख्या द्रवात नसांचे दोरे तरंगत असतात. औषध बुपिव्हाकेन, तेही २ ते ३ मिलीलिटर, चहाच्या चमच्याच्या अर्ध्याइतकं. त्यात ग्लुकोज घातलेलं असतं, म्हणून ते मणक्यातल्या द्रवापेक्षा जड होतं आणि उताराच्या दिशेनं बसतं. टेबल कधी डोक्याकडून, कधी पायाकडून कलवतो ते त्यासाठी. नसेतून संदेश जायला सोडियमचे कण आत शिरावे लागतात, हे औषध तो दरवाजा अडवून धरतं. रक्त त्याला हळूहळू वाहून नेतं आणि दोन-तीन तासांत पायाचा अंगठा हलू लागतो. मणक्यात मागे उरून कंबर पोखरेल असं त्यात काही नाही.

मग बाळंतिणीची कंबर दुखते ती का? नऊ महिने पुढे ओढला गेलेला तोल, सैल झालेले सांधे, वाकून पाजणं, बाळाला एकाच कडेवर घेणं. मणक्यात सुई टोचून घेतलेल्या आणि न घेतलेल्या बाळंतिणींची तुलना झाली आहे, जुनाट कंबरदुखीत दोन्ही गटांत फरक दिसला नाही. माझं स्वतःचं सिझर स्पायनलखाली, म्हणजे याच मणक्यातल्या भुलीखाली झालं. सहा महिने कंबर दुखली, मुलगा चालायला लागला तशी थांबली.

सुईच्या जागी दोन-चार दिवस ठणकतं, हे खरं. डोकेदुखीही खरी आहे. ऑगस्ट बिअर या जर्मन सर्जननं १८९८ साली ही भूल पहिल्यांदा दिली, मग स्वतःच्या पाठीत सुई घालून घेतली आणि पुढचे कित्येक दिवस त्याला डोकं वर काढता येईना. भोकातून द्रव झिरपतो, बसलं की डोकं ठणकतं, आडवं झालं की थांबतं. तेव्हाच्या सुया जाड होत्या. आज २५ ते २७ गेजच्या, म्हणजे साधारण अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या बारीक सुया वापरतो. त्यामुळे हा त्रास क्वचित होतो, आणि झालाच तर त्यावर उपचार आहे. नौपाड्याच्या आजींनाही शेवटी स्पायनलच दिली. पाचव्या दिवशी. दुसऱ्या दिवशी होऊ शकलं असतं ते.

‘एकदाच टोचतात आणि निघून जातात.’ हे लिहिणाऱ्याला भूल म्हणजे काय हेच माहीत नाही. प्रोपोफॉल, म्हणजे मेसेजमधलं ते दुधासारखं औषध, अर्ध्या मिनिटात झोपवतं, पण एकच डोस दिला तर माणूस पाच-दहा मिनिटांत डोळे उघडतो. औषध शरीरातून गेलेलं नसतं. ते मेंदूतून निघून स्नायूंत आणि चरबीत पांगलेलं असतं. म्हणजे दोन तासांच्या ऑपरेशनला दोन तास भूल चालू ठेवावी लागते, बहुधा श्वासातून, सेव्होफ्लुरेन नावाच्या वायूनं. चाळिशीच्या माणसाला त्याचं प्रमाण साधारण २ टक्के लागतं, पुढे दर दहा वर्षांनी ते थोडं थोडं उतरत जातं, म्हणून ऐंशीच्या आजोबांना तेवढं दिलं तर बीपी कोसळेल. झोप हे एकच काम झालं. वेदनेसाठी फेंटानिल वेगळं, तेही मायक्रोग्रॅममध्ये, कारण ते मॉर्फिनच्या सुमारे शंभर पट तीव्र आहे. पोटाचे स्नायू सैल करायला आणखी तिसरं औषध. त्यातलं अॅट्राक्युरियम मला फार आवडतं. शरीराची ऊब आणि रक्ताचा किंचित अल्कलीपणा यांनी ते बरंचसं आपलं आपण तुटत जातं, मूत्रपिंडाची वाट बघत नाही. डायलिसिसवरच्या माणसाला ते मोठं वरदान आहे. शेवटी उरलेली पकड सोडवायला निओस्टिग्मीन देतो, आणि त्यानं नाडी मंदावू नये म्हणून सोबत ग्लायकोपायरोलेट.

हे सगळं चालू असताना भूलतज्ज्ञ रुग्णाच्या डोक्याशी असतो, नजर ऑक्सिजनवर आणि श्वासाच्या रेघेवर. कुणी उठून गेला तर तो गुन्हाच म्हणायचा. ‘तुम्ही शेवटपर्यंत थांबणार ना?’ असं विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, आम्हाला राग येत नाही.

उशिरा उठण्याचं एक खरं कारण मेसेजवाल्याला माहीतच नाही. श्वासनलिकेत नळी घालताना स्नायू सैल करायला स्कोलीन हे औषध वापरतात, आणि रक्तातलं एक एन्झाइम त्याला काही मिनिटांत संपवतं. काही घराण्यांत ते एन्झाइम जन्मतः कमी असतं. आंध्र-तेलंगणातून आलेल्या आर्य वैश्य समाजात हे जास्त आढळतं, आणि त्यांची कुटुंबं आपल्याकडेही आहेत. अशा माणसाचा श्वास परतायला तास लागतात. तोवर मशीननं श्वास दिला की तो सुखरूप उठतो. ‘काकांना ऑपरेशननंतर रात्रभर मशीनवर ठेवलं होतं’ एवढं वाक्य कुणी सांगितलं, तर मी ते औषध उघडतच नाही.

मायकल जॅक्सनचा श्वास २५ जून २००९ रोजी घरी, झोपायच्या खोलीत थांबला आणि तो गेला. झोप यावी म्हणून त्याला प्रोपोफॉल दिलं जात होतं. श्वासावर लक्ष ठेवायची धड साधनं तिथे नव्हती. डॉक्टरला २०११ मध्ये शिक्षा झाली. प्रोपोफॉल श्वास थांबवू शकतं, हे आम्ही गृहीतच धरतो. म्हणून ते द्यायच्या आधी ऑक्सिजन, मास्क आणि नळी हाताशी मांडलेली असते. त्याचा दुधासारखा रंग सोयाबीनच्या तेलाचा, त्यात अंड्यातल्या बलकाचं लेसिथिन घातलेलं असतं. घोड्याचं औषध म्हणतात ते केटामाइन. ते १९६२ साली माणसासाठीच शोधलं गेलं. श्वास आणि रक्तदाब टिकवून ठेवतं म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते आहे. जनावरांनाही देतात. तसं पेनिसिलिनही देतात.

मेंदूच्या मुद्द्यावर आयांची काळजी मला समजते. हर्नियाच्या ऑपरेशनसाठी आलेल्या ७२२ तान्ह्या बाळांचा अनेक देशांत मिळून अभ्यास झाला. काहींना पूर्ण भूल, काहींना जागेपणीच कमरेखालची. पाच वर्षांची झाल्यावर बुद्धीच्या चाचण्यांत फरक निघाला नाही. पण ती भूल साधारण तासाभराच्या आतली होती. तीन वर्षांखालच्या मुलांना तीन तासांहून लांब किंवा वारंवार भूल द्यावी लागली तर काय, याबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१६ मध्ये सावधगिरीची सूचना दिली आहे. थांबण्यासारखं ऑपरेशन असेल तर आम्हीही थांबा म्हणतो. काही म्हाताऱ्या माणसांना नंतर दोन-तीन दिवस भ्रम होतो, हेही मी लपवणार नाही. वेदना, ताप, झोपमोड, अनोळखी खोली, सगळं त्यात मिसळतं. चष्मा आणि कानाचं मशीन शुद्धीवर येताक्षणी परत द्या, घरचं माणूस उशाशी बसू द्या. त्यानं खरंच फरक पडतो.

दारूचं वाक्य अर्धं खरं आहे. रोज पिणाऱ्याला झोपवायला औषध जास्त लागतं. त्याच रात्री पिऊन अपघातात आलेल्याला मात्र कमी लागतं, दारूनं अर्धं काम केलेलंच असतं. आणि खरा धोका ऑपरेशननंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी असतो. दारू अचानक तुटली की हात थरथरतात, घाम फुटतो, माणूस सलाईन उपटून धावत सुटतो. हे आधी माहीत असेल तर टाळता येतं. कोपरीतला एक रिक्षावाला पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी आला होता. बायको आणि मेहुणा समोर असताना ‘कधीतरी, लग्नाकार्यात’ म्हणाला. मी दोघांना दोन मिनिटं बाहेर पाठवलं आणि परत विचारलं. तो खाली बघत म्हणाला, ‘ताई, रोज एक क्वार्टर. आठ वर्षं.’ ऑपरेशन नाकारलं नाही. भुलीचा डोस बदलला, पुढच्या तीन दिवसांची औषधं त्याच संध्याकाळी लिहून ठेवली, आणि बाहेर बायकोला काय सांगायचं ते त्यालाच विचारून ठरवलं.