कोंप्ले

फ्रेंचमधला मला पक्का येणारा शब्द एकच: कोंप्ले. तो मी उपाशीपोटी शिकले, म्हणून या जन्मी विसरणार नाही.

लेक रेनला असते. फ्रान्सच्या वायव्येला समुद्रात घुसलेला जो ब्रिटनी प्रांत, त्याचं हे मुख्य शहर. आम्ही वेंगुर्ल्याचे. त्यामुळे पाऊस, खडक, मासळी आणि "आमची भाषा वेगळी" असं बजावणारी माणसं बघून घरीच आल्यासारखं वाटलं. फरक एवढाच, की वेंगुर्ल्याला तीन वाजता गेलात तरी कोणी तरी ताट वाढतंच. इथे दोन वाजले की चूल विझते, ती थेट सातला पेटते.

आणि आमच्या ह्यांना पाट्या वाचायचा नाद. पाटी दिसली की माणूस तिथेच रोवला जातो. फ्रेंच येत नाही म्हणून सुटका होईल म्हणावं, तर मोबाइल धरून भाषांतर करून घेतात.

शनिवारी दिनानला गेलो. पार्किंगच्या दारात लाल दिव्यांची पाटी: कोंप्ले. "कम्प्लीट! म्हणजे बांधून पूर्ण झालंय. घाल गाडी," इति हे. लेकीने कपाळाला हात लावला. भरलंय, जागा नाही, असा त्याचा अर्थ. गाडी लावेपर्यंत पाऊण वाजला. मग जवळजवळ तीन किलोमीटरचा तट, लाकडी चौकटींची वाकलेली घरं, नदीकडे उतरणारी झेर्झुआलची फरसबंद घसरगुंडी. उतरताना मजा आली. चढताना मी ब्रिटनीच्या सगळ्या संतांना हाका मारल्या. तिथे ते भरपूर आहेत.

वर आल्यावर हे सेंट सोव्हरच्या चर्चमध्ये शिरले. तिथे बेर्त्राँ द्यु गेक्लँ या सरदाराचं हृदय ठेवलंय. गडी 1380मध्ये दूर दक्षिणेला वारला आणि त्याची वाटणी झाली: आतडी एका गावी, मांस दुसऱ्या, हाडं राजांच्या शेजारी साँ-दनीला, हृदय इथे. हे भारावून ऐकवत होते. माझंही मन तिथेच होतं हो, पण आतडी केव्हाची हॉटेलच्या दिशेने निघाली होती. पोहोचलो सव्वादोनला. पोरगी खुर्च्या उलट्या ठेवत होती.

रविवारी कार्नाक. सहा हजार वर्षांहून जुने, तीन हजारांच्या घरातले दगड माळावर ओळीने उभे. 2025मध्ये त्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला. संत कोर्नेलीच्या मागे रोमन फौज लागली, तेव्हा त्याने वळून तिचे दगड केले, अशी तिथली कथा. मला मात्र ती जेवायच्या रांगेत ताटकळलेली माणसं वाटली. आत गाईडशिवाय सोडत नव्हते, म्हणून हे कुंपणाबाहेरून दगड मोजत निघाले. चारशे बाराला शिंक आली, परत एकपासून.

त्या दिवशी हॉटेलात एकच्या आत पोहोचलो. दारावर खडूने लिहिलेलं: कोंप्ले. बेकरीही नुकतीच बंद झालेली. शेवटी गाडीत बसून भडंग खाल्लं. समोर तीन हजार दगड, एकानेही "या, बसा" म्हटलं नाही.

सोमवारी कँपेर. सोमवारी बरीच हॉटेलं बंद; लेकीने चार ठिकाणी फोन करून बाराचं टेबल मिळवलं. इथलं कॅथेड्रल मध्येच किंचित वाकडं आहे: गाभारा एका रेषेत, सभामंडप दुसऱ्या. क्रुसावर येशूची मान कलली होती तसं, असंही सांगतात. दोन शिखरांच्या मध्ये घोड्यावर दंतकथेतल्या राजा ग्रादलोंचा पुतळा. "पाचच मिनिटं, वाकडेपणा नीट बघतो," म्हणून हे मागे राहिले. घरात आरसा आहे, असं मी म्हणणार होते, पण बारा वाजत आले होते.

मेन्यूत पहिल्याच ओळीत तोच शब्द, शेपटीला एक 'त' लावून. मी पर्स उचलली. "चल गं, हेही भरलंय." लेक हसून लाल. इथे कोंप्लेत म्हणजे हॅम, अंडं आणि चीज घातलेलं गालेत, त्यांचं धिरडं. आणि मला सोमवार! मग कळलं, गालेतचं पीठ म्हणजे त्यांचा 'काळा गहू', पण गव्हाशी त्याचं नातं नाही; उत्तरेत उपासाला चालतो तोच कुट्टू. देव कुठे कुठे सोय करतो बघा.

नुसत्या चीजचं मागवलं. कडा जाळीदार, कुरकुरीत, घडी घालून वाढलेलं. घावनच ते, फक्त नारळाचा रस नव्हता. सोबत ले-रिबो नावाचं पांढरं काही आलं. चाखलं. ताक! चक्क ताक! दोन दिवसांनी जिवात जीव आला. एक गालेत माझं, एक लेकीचं, एक ह्यांच्या नावाने मागवलेलं. तेही निवून चाललं होतं म्हणून मीच संपवलं.

हे आले दोन वाजून पाच मिनिटांनी, मोबाइलमध्ये सदतीस फोटो घेऊन. वाढणाऱ्या बाईने घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी पर्समधून भडंगाची पुडी काढून ह्यांच्यापुढे ठेवली.