सुप्रीम कोर्टाने न ऐकलेल्या केसची गोष्ट

गेल्या महिन्यात फेडरल म्हणजे केंद्राच्या कोर्टाचं ज्युरी ड्युटीचं, म्हणजे खटल्याचा निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळात बसायचं, बोलावणं आलं. अमेरिकेची नागरिक झाल्यापासून पहिलंच. साताऱ्याला मामांना फोनवर सांगितलं, तर त्यांचा पहिला प्रश्न, "कुठलं कोर्ट गं? तालुक्याचं का जिल्ह्याचं?"

मी म्हटलं, डिस्ट्रिक्ट कोर्ट.

"मग जिल्हा कोर्ट म्हण की."

बांधाच्या वादात मामांनी आयुष्यभर कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्यात, त्यामुळे या विषयात त्यांच्याशी कोण वाद घालणार! पण त्यांचा घोळ तोच आपल्या इथल्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही रोज दिसतो, म्हणून हे जरा लांबलचक लिहितेय.

हे डिस्ट्रिक्ट म्हणजे आपला जिल्हा नव्हे. अख्खं न्यू जर्सी मिळून एक डिस्ट्रिक्ट. न्यूअर्क, ट्रेंटन आणि कॅम्डेनला त्याची कोर्टं बसतात. देशभरात अशी ९४. त्यांच्या वर १३ अपील कोर्टं, आणि माथ्यावर नऊ जणांचं सुप्रीम कोर्ट. आपल्याकडे तालुक्यापासून दिल्लीपर्यंत एकच शिडी, आणि केंद्राचा कायदा असो की राज्याचा, तोच न्यायाधीश दोन्ही बघतो. इथे शिड्या दोन. घटस्फोट, खून, भाडेकरूची भांडणं, मामांच्या बांधासारखी प्रकरणं बहुतेक राज्याच्या कोर्टात. केंद्राचा कायदा, राज्यघटनेचा प्रश्न, खुद्द केंद्र सरकारविरुद्धचा दावा, दिवाळखोरी हे फेडरलकडे. फेडरल जज राष्ट्राध्यक्ष नेमतात, संसदेचं वरचं सभागृह म्हणजे सिनेट मंजुरी देतं, आणि मग तो माणूस स्वतःहून उठेपर्यंत खुर्चीत. आपल्याकडे सुप्रीम कोर्टातही ६५ ला निरोप समारंभ होतो!

तर मी गेले. मोठ्या हॉलमध्ये दोन तास नुसतं बसणं, मग नाव पुकारलं. जजबाईंनी एकेकाला विचारलं, घरातलं कुणी कधी कोर्टकचेरीत अडकलंय का? खोटं कसं बोलणार. सांगितलं, मामा, भारतात, जमिनीचा दावा, माझ्या जन्माच्या आधीपासून. बाई हसल्या. शेजारचे वकील काहीतरी टिपून घेत होते. दुपारी मला जायला सांगितलं. मामांमुळे की आणखी कशामुळे, कारण काही कळलं नाही. दिवसाचे ५० डॉलर मात्र मिळाले.

त्या दोन तासांत मी फोनवर सखाराम गणेश पंडित यांच्याबद्दल वाचत होते. जन्म अहमदाबादचा, पण नाव वाचून मला तरी आपल्याकडचंच घर वाटलं. १९१४ मध्ये लॉस एंजेलिसच्या काउंटी कोर्टाने त्यांना नागरिकत्व दिलं. म्हणजे राज्याच्या शिडीवरचं कोर्ट. तेव्हा तिथेही नागरिकत्व मिळायचं. सरकारने विरोध केला होता, तरी दिलं. मग ते वकील झाले, अमेरिकन बाईशी लग्न केलं, तिथलेच झाले.

त्या काळच्या कायद्याने बाहेरून आलेल्यांपैकी गोऱ्यांना आणि आफ्रिकी वंशाच्यांनाच नागरिकत्व मिळायचं. हिंदुस्थानी माणूस गोरा का, यावर भगतसिंग थिंड यांची केस सुप्रीम कोर्टात गेली. थिंड पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते. त्यांच्या वकिलांत पंडितही होते. १९२३ मध्ये निकाल लागला : सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो तो गोरा, आणि हिंदुस्थानी त्यात बसत नाही. एकमताने. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती सदरलँड स्वतः इंग्लंडात जन्मलेले! त्यानंतर सरकारने आधी दिलेली नागरिकत्वंही काढून घ्यायला सुरुवात केली आणि पंडितांवरही दावा ठोकला.

इथे मी खुर्चीत सरसावून बसले. कारण सुप्रीम कोर्टाचा निकाल थेट विरोधात असताना पंडित जिंकले. त्यांचं म्हणणं साधं होतं. १९१४ ला सरकार कोर्टात हजर होतं, गोरेपणाचा हाच मुद्दा मांडला होता, हरलं होतं. अपिलाची वेळ होती तेव्हा केलं नाही, आता मागच्या दाराने परत कसं येता? १९२६ मध्ये अपील कोर्टाने ते मान्य केलं. सरकार सुप्रीम कोर्टात गेलं, आणि १९२७ मध्ये त्या कोर्टाने केस ऐकायलाच नकार दिला. तिथे ऐकायचं की नाही हे बहुतांशी कोर्टच ठरवतं. नऊपैकी चौघांना ऐकावीशी वाटली तर केस आत. वर्षाला हजारो अर्ज येतात, ऐकल्या जातात साधारण साठ-सत्तर.

आपल्या डोक्यात पक्कं बसलंय की खरं कोर्ट ते वरचं, खालची सगळी रंगीत तालीम. पण पंडितांना वाचवलं ते एका काउंटी कोर्टाच्या जुन्या हुकमाने, आणि थिंडना बुडवलं ते सर्वोच्च कोर्टाने. ती चूक कोर्टाने निस्तरलीही नाही. १९४६ मध्ये काँग्रेसला, म्हणजे इथल्या संसदेला, कायदा करावा लागला तेव्हा आपल्या लोकांना दार उघडलं. आजही तसंच बघा. २०२५ च्या जानेवारीत जन्मसिद्ध नागरिकत्वावर, म्हणजे इथे जन्मलं की नागरिक या हक्कावर, बंधनं घालणारा राष्ट्राध्यक्षांचा आदेश निघाला आणि आपल्या एच-वन-बी (तात्पुरत्या नोकरीच्या व्हिसा) वाल्या घरांत झोप उडाली, तेव्हा तीन दिवसांत तो अडवला सिएटलच्या एका डिस्ट्रिक्ट जजने. पुढे जूनमध्ये सुप्रीम कोर्टाने अशा देशभर लागू होणाऱ्या मनाई हुकमांना लगाम घातला, आणि मला तो निर्णय चुकीचा वाटला.

जाता जाता एक. ज्याला आपण इमिग्रेशन कोर्ट म्हणतो, ते या शिडीवर नाहीच. तिथले जज न्याय खात्याचे, म्हणजे सरकारचेच नोकर. तहहयात नेमणूक वगैरे काही नाही. ज्या माणसाला देशाबाहेर काढायचं की नाही हे ठरतंय, त्याच्यासमोर बसलेला जज सरकारच्याच पगारपत्रकावर असावा, हे मला कधीच पटलेलं नाही. नावात कोर्ट आहे म्हणून फसू नका.

हे सगळं मामांना सांगितलं. थोडा वेळ फोनवर काहीच आवाज नाही. मग म्हणाले, "म्हणजे एकदा निकाल लागला की लागला? सरकारलासुद्धा?"

मी म्हटलं, मामा, आपल्याकडेही तसं कलम आहे, दिवाणी प्रक्रिया संहितेत अकरावं. तुमच्या वकिलांना विचारा.

"विचारतो की," म्हणाले, "दिवाळीनंतरची तारीख आहे."