वर्ग भरेपर्यंत थांबायचं का?

वाढत्या शहरासाठी शिक्षकभरतीचा पाच वर्षांचा आराखडा हवा, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. वाढत्या शहरात कोण कधी राहायला येईल हे सांगता येत नाही, म्हणून शिक्षकभरतीचा पाच वर्षांचा आराखडा निरर्थक आहे. वर्ग भरले की नेमणुका कराव्यात, आधी नेमून बसून पगार कशाला द्यायचा, असं तुमचं म्हणणं.

स्थलांतराचा अंदाज चुकतो, हे मान्य. पण तुटवडा फक्त तिथून येत नाही. समजा, शहरात ६,००० शिक्षक आहेत. निवृत्ती आणि राजीनामे मिळून वर्षाला ५ टक्के गेले, तर ३०० जागा रिकाम्या होतात. शाळांतल्या मुलांची संख्या, म्हणजे पट, ३ टक्क्यांनी वाढला, तर त्यासाठी आणखी १८० शिक्षक लागतील. म्हणजे शहर अजिबात वाढलं नाही तरी ३०० लागणारच, आणि निवृत्तीच्या तारखा तर आधीपासून ठाऊक असतात! माझे ५ टक्के फुगवलेले नाहीत. युनेस्कोच्या २०२४ च्या अहवालानुसार प्राथमिक शिक्षकांनी पेशा सोडण्याचं जागतिक प्रमाण २०१५ मध्ये सुमारे ४.६ टक्के होतं, ते २०२२ मध्ये ९ टक्क्यांवर गेलं.

घाईच्या भरतीचं काय होतं, ते कॅलिफोर्नियात दिसलं. सुरुवातीच्या इयत्तांमध्ये वर्गाला २० मुलंच ठेवली तर सरकार जादा पैसे देईल, असा कायदा तिथे १९९६ च्या जुलैमध्ये झाला आणि त्याच वर्षी अंमल सुरू झाला. हेतू चांगला होता, पैसाही होता. पण हजारो शिक्षक एकदम हवे झाले, पूर्ण पात्रता नसलेल्यांच्या हाती वर्ग द्यावे लागले, आणि याची झळ सर्वात जास्त गरीब वस्त्यांतल्या शाळांना बसली. ज्यांच्याकडे शिकवणीचे पैसे नाहीत, त्याच मुलांना.

‘बसून पगार’ हे शब्द मात्र मला लागले. प्रसूती रजा, आजारपण, प्रशिक्षण यांमुळे शाळेत रोज कुणी ना कुणी नसतंच. मग दोन तुकड्या एका खोलीत कोंबतात, किंवा गणिताच्या तासाला खेळाचे सर नुसते बसून राहतात. दोन शिक्षक जास्त असले तर ते हेच तास घेतील.

एका बाबतीत तुमचं बरोबर आहे. मूळ लेखात मी पटाचा एकच आकडा धरला, ते चुकलं. कमी, मध्यम, जास्त असे तीन अंदाज हवेत, तेही विषयवार, आणि दरवर्षी प्रवेश संपले की ते तपासायला हवेत. कायम नेमणुका सर्वात कमी अंदाजाइतक्या कराव्यात; उरलेल्यांसाठी पात्र उमेदवारांची प्रतीक्षा यादी तयार ठेवावी. लेखात तशी दुरुस्ती करतो आहे.