हिंजवडी, खराडी आणि मधला दारूगोळा

पुण्यात लग्न ठरवताना पत्रिका नंतर बघा, आधी दोघांची ऑफिसं कुठे आहेत ते बघा. मंगळ असला तर शांत करता येतो, पण एकाचं ऑफिस हिंजवडी फेज थ्रीला आणि दुसऱ्याचं खराडीला असेल तर त्यावर कुठल्याच गुरुजींकडे तोडगा नाहीये. आमचे छत्तीसपैकी अठ्ठावीस गुण जुळले होते, सासूबाईंनी ते चारचौघात सांगूनही झालं होतं, पण मधलं हे पंचवीस-तीस किलोमीटरचं अंतर कुठल्या रकान्यात धरायचं ते कोणी विचारलंच नाही.

ही गोष्ट २०२४ च्या उन्हाळ्यातली. तोपर्यंत मी विमाननगरला पीजीत राहायचे आणि नवरा वाकडला मित्रांबरोबर एका फ्लॅटमधे, जिथे फ्रिजमधे फक्त पाणी आणि सॉसच्या पुड्या असायच्या. लग्नानंतर एका घरात राहायला पाहिजे हे ओघानेच आलं. नवऱ्याने शिस्तीत एक्सेल शीट उघडली, मॅपवर दोन्ही ऑफिसं मांडली, मधे सरळ रेघ ओढली आणि मध्यबिंदू काढला. तो आला खडकीत. नुसता खडकीत नाही, तिथल्या दारूगोळा कारखान्याच्या आसपास. १८६९ पासून तिथे ब्रिटिशांनी चालू केलेलं काम चाललंय, आजूबाजूला लष्कराची जमीन, आणि अख्ख्या शहराने चहूकडे हातपाय पसरले तरी त्या कुंपणाच्या आत एकाही बिल्डरची डाळ शिजलेली नाही. नवरा शांतपणे म्हणाला, "ठीक आहे, मग थोडं इकडे किंवा थोडं तिकडे बघू." त्या "थोडं"मधे आमचे सगळे शनिवार-रविवार गेले.

सल्ल्याला सुरुवात झाली नवऱ्याच्या आत्यापासून. आत्या सदाशिव पेठेत राहते आणि तिच्या हिशोबाने पुणं लकडी पुलापाशी संपतं. डेक्कन आणि प्रभात रोड ती सवलतीत धरते, कोथरूडला लेक दिलीये म्हणून कोथरूड चालतं, चांदणी चौकाच्या पुढे मात्र डायरेक्ट मुंबई. "वाकड?" ती म्हणाली. "ते पुण्यात कधी आलं?" आणि वैताग असा की आत्याचं बरोबर होतं. वाकड पुणे महापालिकेत नाहीच, ते पिंपरी-चिंचवडचं. हिंजवडी तर तेव्हा दोन्हीकडे नव्हती, मुळशी तालुक्यातली ग्रामपंचायत. म्हणजे नवरा ज्या ठिकाणी एसीत बसून अमेरिकेतल्या बँकेचं सॉफ्टवेअर दुरुस्त करायचा ते सरपंचांच्या हद्दीत यायचं. हे त्याने हौसेने आत्याला सांगितलं. आत्या म्हणाली, "म्हणजे तू गावाकडे नोकरी करतोस. मग गावात राहायला लाजतोस कशाला?" त्यावर एरंडवण्यात का बघत नाही, शांत आहे, असंही ती म्हणाली. बघितलं. भाडं ऐकल्यावर आम्हीही शांत झालो.

तर वाकड. पुण्यातल्या एजंट लोकांकडे वेगळं घड्याळ असतं. तुम्ही कुठलंही घर बघा, तिथून हिंजवडी दहा मिनिटं, एक्स्प्रेसवे दहा मिनिटं, स्टेशन वीस मिनिटं, "मॅक्स, मॅडम, मॅक्स." आणि हे पटतंही, कारण ते घर दाखवायला नेतात रविवारी सकाळी, जेव्हा रस्त्यावर फक्त सायकलवाले आणि मिसळ खायला निघालेले लोक असतात. तेच अंतर बुधवारी संध्याकाळी भूमकर चौकातून कापायला गेलात तर मधे पॉडकास्टचा एक एपिसोड संपतो, दुसरा सुरू होतो आणि त्यातला पाहुणा कोण होता हे पण तुम्ही विसरून जाता.

पत्त्यांची गंमत वेगळीच. कस्पटे वस्ती, विनोदे वस्ती, भूमकर चौक, सगळं जुन्या घराण्यांच्या नावाने, आणि त्या वस्तीच्या आत उभे असलेले टॉवर मात्र इटलीतून थेट उतरल्यासारख्या नावांचे. रिक्षावाल्याला टॉवरचं नाव सांगितलं की तो आपल्याकडे दयेने बघतो. "डेअरीच्या समोर म्हणा ना," तो म्हणतो, आणि बरोब्बर गेटवर सोडतो.

हनुमान जयंतीच्या दिवशी ऑफिस सुटल्यावर वाकडला एक फ्लॅट बघायचं ठरलं होतं. हा मुहूर्त एजंटने का काढला देव जाणे, कारण त्या दिवशी म्हातोबाची यात्रा असते आणि गळकऱ्याला, म्हणजे त्या वर्षीच्या मानकऱ्याला, बगाडावर, म्हणजे गाड्यावरच्या उंच लाकडी खांबावर, चढवून हिंजवडीतून वाकडला आणतात. हे मला काहीच माहीत नव्हतं, आम्ही सांगलीकडचे. रस्ता बंद, गुलाल, हलगी, बैल, एवढी गर्दी की स्कूटर बाजूला लावून उभंच राहावं लागलं. माझ्या शेजारी एक मुलगा होता, गळ्यात कंपनीचं आयडी कार्ड, कानात इअरबड्स, तो कुणाला तरी इंग्लिशमधे सांगत होता की कॉल अर्ध्या तासाने घेऊ या, इथे "लोकल फेस्टिव्हल" चालू आहे. त्याच्या पलीकडे फेटा बांधलेले एक आजोबा. त्यांनी त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "लोकल आम्हीच आहोत बाळा, तू पण ये दर्शनाला." तो आला सुद्धा, लॅपटॉपची बॅग पुढे धरून. आम्हीपण गेलो. वर्षातला तेवढा एक दिवस असेल जेव्हा तिथलं ट्रॅफिक का अडलंय हे प्रत्येकाला माहीत होतं आणि कोणी हॉर्न वाजवत नव्हतं. माझं मत विचाराल तर पुण्याच्या या बाजूला उपनगरं झालीच नाहीयेत, गावंच आहेत अजून, फक्त वेशीवर आता सिग्नल बसलाय. फ्लॅट मात्र राहिला बघायचा. दुसऱ्या दिवशी फोन केला तर गेला होता.

नवऱ्याच्या बाजूचं बघून झालं, मग माझ्या बाजूचं. खराडीत आम्हाला परवडेल असं एकच घर मिळालं, त्याच्या खिडकीतून मला माझं ऑफिस दिसत होतं आणि नवऱ्याला त्याचं भविष्य. तो बराच वेळ पश्चिमेकडे बघत उभा राहिला. मग नगर रोडने पुढे वाघोली. २०२१ मधे जी तेवीस गावं एकदम पुणे महापालिकेत घेतली त्यातलं हे एक. घर खरंच छान होतं, मोठा हॉल, वारा, भाडं पण बजेटमधे. एजंट सांगत होता की पाण्याचा काही म्हणजे काही प्रॉब्लेम नाही, आणि नेमका त्याच वेळी त्याच्या मागे एक टँकर टूं टूं करत रिव्हर्समधे सोसायटीत शिरत होता. एजंटने आवाज चढवला. टँकरच्या मागे दुसरा टँकर आला. एजंट आता जवळजवळ ओरडत होता की चोवीस तास पाणी आहे मॅडम, आणि मला वाटतं त्यात खोटं काहीच नव्हतं, टँकर चोवीस तास येत असणार.

हडपसरला मगरपट्टा बघितला तेव्हा मात्र मी जरा हळवी झाले. तिथल्या साधारण सव्वाशे शेतकरी कुटुंबांनी मिळून चारशे-एक एकर जमीन एकत्र केली आणि बिल्डरला विकून मोकळं होण्यापेक्षा आपलीच कंपनी काढून शहर वसवलं, हे मी आधी ऐकलं होतं, पण ती झाडं आणि ते सरळ रस्ते बघितल्यावर पोटात दुखलं. आमच्या आजोबांच्या वाटणीत तीन भाऊ एका बांधावरून पस्तीस वर्षं बोलत नव्हते. घर आवडलं, बाग आवडली, मी मनात पडदे पण लावले. मग नवऱ्याने मॅपवर सोमवारी सकाळी साडेआठचं हिंजवडीपर्यंतचं ट्रॅफिक टाकलं, फोन माझ्यापुढे धरला आणि काहीच बोलला नाही. त्याची ही सवय फार वाईट आहे, भांडायला काही सापडत नाही.

उंड्रीला पण गेलो होतो. का गेलो होतो ते आता दोघांनाही आठवत नाही.

या सगळ्यात खरी परीक्षा झाली ती बाणेर-बालेवाडीकडे. हायस्ट्रीटला आधी कॉफी प्यायलो, बिल बघून ठरवलं की इथे राहायचं असेल तर कॉफी घरीच प्यायची. मालक म्हणजे एक रिटायर्ड काका-काकू, खालच्याच मजल्यावर राहणारे. मी आत्तापर्यंत नोकरीसाठी बरेच इंटरव्ह्यू दिलेत, पण असा एकही नाही.

"गाव कुठलं?"

"माझं सांगली, यांचं इथलंच."

"सांगली," काका म्हणाले आणि काकूंकडे बघितलं. "म्हणजे तिखट."

मी म्हटलं बेताचंच खातो. काकू म्हणाल्या तिखटाचं काही नाही गं, पण ठसक्याचा वास भिंतींना धरतो आणि रंग नुकताच दिलाय. खिळे मारायचे नाहीत. पंख्याला गणपतीची लायटिंग बांधायची नाही, आधीच्यांनी बांधली होती. रात्री दहानंतर वॉशिंग मशीन नाही, मिक्सर तर नाहीच. पाहुणे किती येतात? नवऱ्याने प्रामाणिकपणे सांगितलं की आत्या येईल कधीतरी. "मुक्कामाला?" काकांनी विचारलं. सदाशिव पेठेतून बालेवाडीला आलेली आत्या परत कशी जाणार, हा प्रश्न मलाही तेव्हाच पडला. मग काकांनी नवऱ्याला कंपनी, हुद्दा, टीममधे किती माणसं असं सगळं विचारलं, शेवटी एआयमुळे तुमची नोकरी जाणार का हो असं पण विचारलं, काळजीने, म्हणजे आमच्या नाही, भाड्याच्या. चहा दिला, चकली दिली, चकली खरंच उत्तम होती. नंतर एजंटचा फोन: "ओनरला तुमचं प्रोफाइल आवडलं मॅडम, पण त्यांना आयटीवाले नकोयत. रात्रभर लाइट चालू ठेवतात म्हणे." लाइटचं बिल आम्हीच भरणार होतो की! पण वरच्या खिडकीत उजेड असला की काकांना झोप लागत नाही, असं म्हणणं पडलं.

पिंपळे या नावाची तीन गावं आहेत, सौदागर, निलख आणि गुरव. एजंटने फोनवर सौदागर सांगितलं, लोकेशन पाठवलं निलखचं आणि स्वतः उभा होता गुरवला, शिवाय तिन्ही वेळा आमच्यावरच वैतागला की एवढं सोपं आहे मॅडम. उन्हात तिन्ही पिंपळे हिंडून आम्ही शेवटी पोचलो तेव्हा मी भांडायच्या तयारीत होते, पण तोंड उघडायच्या आत त्याने सहज म्हणून सांगितलं की पुलावरून पलीकडे गेलं की दापोडी, आणि दापोडीला मेट्रो. मी भांडण तिथेच सोडलं आणि नवऱ्याची एक्सेल शीट मागितली.

कारण त्या बिचाऱ्याने सगळं गणित रस्त्याने मांडलं होतं, रुळाने मांडलंच नव्हतं. दापोडीहून सिव्हिल कोर्ट, तिथे गाडी बदलायची, मग रामवाडी, त्याच वर्षी मार्चमधे तिथपर्यंत लाइन सुरू झाली होती, आणि रामवाडीहून खराडी शेअर रिक्षाने. नवऱ्याला सौदागर, जगताप डेअरी, वाकड करत हिंजवडी. दोघांचेही हाल सारखेच, कोणी कोणाला बोलायला जागा नाही. (शिवाजीनगर-हिंजवडी मेट्रोचं भूमिपूजन २०१८ च्या डिसेंबरात झालं होतं, पण तेव्हा नवऱ्याच्या वाट्याला तिचे फक्त खांब होते. खांबांच्या सावलीत सिग्नलला थांबता येतं, हे तो चांगली बाजू म्हणून सांगायचा.)

मेट्रोची ट्रायल मी एकटीनेच घेतली. मजा म्हणजे नवऱ्याचा तो मध्यबिंदू, खडकी, वाटेतच लागतो आणि तेव्हा गाडी तिथे थांबतच नव्हती, स्टेशनच उघडलेलं नव्हतं. सिव्हिल कोर्टला उतरलं की आपण जमिनीखाली साधारण ३३ मीटरवर असतो आणि रामवाडीची गाडी असते वर, पुलावर. सरकता जिना, मग सरकता जिना, मग वाटतं झालं, तर अजून एक. माझ्या पुढे एक आजी नातवाचा हात धरून उभ्या होत्या, तिसऱ्या जिन्याला म्हणाल्या, "पर्वती तरी बरी, वर देव असतो."

घर ठरलं. पिंपळे गुरव, दुसरा मजला, मालक नाशिकला, त्यामुळे फोडणीची चौकशी नाही. ११ महिन्यांचं ॲग्रीमेंट करायला एक मुलगा अंगठ्याचं मशीन आणि वेबकॅम घेऊन घरीच आला, आमचे अंगठे पहिल्या फटक्यात उमटले, मालकांचा काही केल्या उमटेना, तो त्यांनी रुमालाला पुसला, पँटला पुसला, शेवटी मी खोबरेल तेल दिलं. पोलीस व्हेरिफिकेशन, सोसायटीचा फॉर्म, गाड्यांचे नंबर. पार्किंग एकच आहे हे त्या वेळी कळलं.

सगळं आटोपल्यावर एजंटने ब्रोकरेजचे पैसे मोजून खिशात घातले, चपला घातल्या आणि दारातून परत आत डोकावला. "सर, भाडं किती दिवस भरणार? आपल्याकडे गहुंजेला, स्टेडियमच्या बाजूला, नवीन स्कीम आहे. तुमचं ऑफिस पंधरा मिनिटं, मॅडमचं चाळीस."

"कधी पंधरा मिनिटं?" मी विचारलं.

"बघूनच घ्या ना मॅडम, गाडी मी आणतो. रविवारी सकाळी साडेसहाला तयार राहा."