बिली वॅग्नरला दहा वर्षं का ताटकळत ठेवलं?

बिली वॅग्नर 2025 मध्ये बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे दिग्गजांच्या मानाच्या पंगतीत, गेला, सगळ्यांनी अभिनंदन केलं, विषय संपला. माझ्यापुरता तो संपलेला नाही. ज्या कारणासाठी या माणसाला दहा वर्षं दाराबाहेर उभं केलं, ते कारणच मला मान्य नाही.

आपल्याकडे बेसबॉल बघणारे कमी, म्हणून आधी थोडं सांगते. वॅग्नर रिलीफ पिचर होता, म्हणजे सुरुवातीच्या पिचरच्या (चेंडू फेकणाऱ्याच्या) जागी मध्येच येणारा, त्यातही क्लोजर. सामन्याच्या नऊ इनिंग असतात. संघ एक-दोन-तीन धावांनी पुढे आहे, नववी इनिंग आली की क्लोजरला बोलावतात. तीन जण बाद करायचे आणि सामना खिशात घालायचा. जमलं तर त्याच्या नावावर एक ‘सेव्ह’. आपण बुमराला शेवटची षटकं राखून ठेवतो, तसंच काहीसं. पण बुमराने त्याआधीही दोन षटकं टाकलेली असतात. क्लोजर दोन-अडीच तास बुलपेनमध्ये (राखीव पिचर्सच्या सरावाच्या जागेत) बसून राहतो, मग फोन वाजतो, दहा मिनिटांत हात गरम करायचा आणि पहिल्याच चेंडूला पूर्ण जोर लावायचा. एकदा बाहेर काढलं की त्या सामन्यात परत येता येत नाही.

वॅग्नर व्हर्जिनियातल्या खेड्यातला, गरिबीत वाढलेला. जन्माने उजव्या हाताचा. लहानपणी उजवा हात दोनदा मोडला, म्हणून डाव्या हाताने फेकायला लागला आणि त्याच डाव्या हाताने पुढे ताशी 100 मैलांचा फास्टबॉल टाकला. उंची जेमतेम 5 फूट 10 इंच, पिचरच्या मानाने बुटकाच. जुलै 1998 मध्ये ॲरिझोनाच्या केली स्टिनेटने मारलेला चेंडू सरळ त्याच्या डोक्यावर आदळला. पिचर आणि फलंदाजात साधारण 60 फुटांचं अंतर असतं, डोकं बाजूला घ्यायलाही वेळ मिळत नाही. स्ट्रेचरवरून नेलं त्याला. काही आठवड्यांत तो त्याच जागी परत उभा होता. (हे वाचलं की माझ्या पोटात आजही गोळा येतो.)

सोळा मोसम, 422 सेव्ह, 2.31 ईआरए, म्हणजे नऊ इनिंगमागे सव्वादोनच्या आसपास धावा. समोर आलेल्या दर तिघांपैकी एकाला त्याने स्ट्राइकआउट केलं, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद केलं. एवढं असून 2016 मध्ये, हॉल ऑफ फेमसाठी बेसबॉल पत्रकार मतं देतात त्या यादीतल्या पहिल्या वर्षी, त्याला मतं किती? 10.5 टक्के. लागतात 75. त्याच वर्षी, त्याच यादीत ट्रेव्हर हॉफमन होता. त्याला 67 टक्के मिळाले, आणि 2018 मध्ये तो आतही गेला. हॉफमनचे सेव्ह 601, मान्य, मोठाच खेळाडू. पण त्याचा ईआरए 2.87. चेंडूमागे चेंडू पाहिला तर वॅग्नर त्याच्यापेक्षा सरस होता, हे माझं ठाम मत आहे.

मत न देणाऱ्यांचं म्हणणं ठरलेलं: कारकिर्दीत इनिंग फक्त 903. सुरुवात करणारा चांगला पिचर एवढ्या इनिंग पाच मोसमांत टाकतो. अहो, पण त्याला काम किती दिलं होतं? बोलावलं की एक इनिंग, तीही सगळ्यात अवघड. दिलेलं काम चोख केलं, तर न दिलेल्या कामाचे गुण का कापायचे? प्लेऑफमध्ये तो खरंच वाईट खेळला, तो आक्षेप मी समजू शकते. पण त्या जेमतेम बारा इनिंग आहेत.

आणि 2010! आदल्याच वर्षी कोपराच्या शस्त्रक्रियेतून परतलेला, वय 39. अटलांटासाठी 37 सेव्ह, 104 स्ट्राइकआउट, 1.43 ईआरए. डावखुऱ्या पिचर्समध्ये सर्वाधिक सेव्हचा विक्रम जॉन फ्रँकोचा, 424. दोनच कमी होते. तरीही घरच्यांना वेळ द्यायचा म्हणून हा माणूस थांबला. आकडे फुगवायला आणखी दोन वर्षं रेंगाळला असता तर कदाचित लवकर मतं मिळाली असती, याचीच मला चीड येते. 2024 मध्ये पाच मतांनी हुकला. शेवटच्या, दहाव्या संधीला 82.5 टक्के मिळाले. हॉल ऑफ फेममधला पहिला डावखुरा रिलीफ पिचर तो.

पुढे केनली जॅन्सन आणि क्रेग किंब्रेल यांची नावं यादीत येतील. दोघांचेही 400 च्या वर सेव्ह आहेत. मत देणाऱ्यांनी निदान त्या वेळी तरी इनिंग मोजत बसू नये.