कबुली देऊन मोकळं होण्याआधी

गांज्याच्या शिक्षेबद्दलच्या लेखात लेखकाने ‘गांजा सापडला की दहा वर्षं आत’ असं सरसकट लिहिलंय, ते बरोबर नाही. अमली पदार्थविरोधी कायद्यात (एनडीपीएस) दहा वर्षांची किमान शिक्षा ‘व्यापारी प्रमाणा’साठी आहे. गांज्याच्या बाबतीत ते 20 किलोपेक्षा जास्त. एक किलोपेक्षा कमी म्हणजे ‘अल्प प्रमाण’: जास्तीत जास्त एक वर्ष सक्तमजुरी, किंवा 10,000 पर्यंत दंड, किंवा दोन्ही. नुसतं ओढताना पकडलं तर कलम 27, तिथे कमाल सहा महिने.

मी तालुक्याच्या कोर्टात वकिली करतो. तिथे चिलमीसकट पकडलेला पोरगा पहिल्या-दुसऱ्या तारखेलाच ‘गुन्हा कबूल’ म्हणतो. दंड, कोर्ट उठेपर्यंत कैद, संध्याकाळी घरी. आईबापांना वाटतं, सुटलो बुवा! पण ती सुटका नव्हे, दोषसिद्धी आहे, म्हणजे कोर्टाने गुन्हेगार ठरवल्याची नोंद. पुढे नोकरीसाठी चारित्र्य पडताळणीची वेळ आली की तोच कागद आडवा येतो.

1985 च्या याच कायद्यात कलम 64-अ आहे. व्यसनी माणूस अल्प प्रमाणासह किंवा सेवनासाठी पकडला गेला आणि त्याने स्वतःहून सरकारी वा मान्यताप्राप्त केंद्रात उपचार पूर्ण केले, तर खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. उपचार अर्धवट सोडले तर ते काढूनही घेता येतं. आमच्याकडे हा अर्ज क्वचितच कुणी करतं. खरं सांगायचं तर आम्हा वकिलांनाही कबुलीजबाब सोपा पडतो, एका तारखेत फाईल बंद. लेखकाने यावर दोन ओळी लिहायला हव्या होत्या.