लष्कराच्या भाकऱ्या

आज सकाळी माझा चहा एका वाक्यापायी गार झाला.

न्यूयॉर्कमध्ये आमच्या भागातल्या मराठी लोकांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. थालीपिठाची भाजणी कोणाकडे मिळेल इथपासून ते मुंजीला गुरुजी कोण, इथपर्यंत सगळं त्यावर चालतं. काल रात्री मी तिथे मेसेज टाकला की पार्टिसिपेटरी बजेटिंगचं मतदान सुरू आहे. म्हणजे आपल्या नगरसेवकाच्या वाट्याच्या निधीतले निदान १० लाख डॉलर कोणत्या कामांवर घालायचे, शाळेतले संडास दुरुस्त करायचे की झाडं लावायची, हे आपण सांगायचं. ११ वर्षांच्या पोरालाही मत देता येतं. नागरिकत्व लागत नाही, व्हिसा कोणी विचारत नाही. सकाळी बघते तर पन्नासेक जणांनी वाचलेलं आणि उत्तर एकच, एका दादांचं. "ताई, आपण इथे पाहुणे. लष्कराच्या भाकऱ्या कशाला भाजायच्या?" खाली चार अंगठे.

पाहुणे! दादा, सतरा वर्षं राहिलात तुम्ही. इतके दिवस पाहुणा घरात राहिला तर आमच्या सांगलीत त्याच्या नावाने वेगळं रेशनकार्ड काढतात.

जानेवारीत याच ग्रुपवर मुंबई-पुण्याच्या महापालिकेचे निकाल प्रभागवार चघळले जात होते. मुंबईत जवळजवळ चार वर्षं नगरसेवकच नव्हते, प्रशासकाने कारभार हाकला, लोकशाहीचा कसा खून झाला, यावर याच दादांनी तीन-तीन स्क्रोल लांब मेसेज लिहिले होते. बरोबरच होतं त्यांचं. पण इथे, आपल्या जॅक्सन हाइट्समध्ये, आपला नगरसेवक कोण, विचारा. शेखर कृष्णन. न्यूयॉर्कच्या सिटी कौन्सिलमध्ये निवडून आलेला पहिला भारतीय वंशाचा माणूस, २०२२ पासून बसलाय तिथे. ग्रुपवर किती जणांना माहीत असेल? मी पैज लावायला तयार आहे. झोहरान ममदानी न्यूयॉर्कचे महापौर झाले तेव्हा मात्र तीन दिवस नुसतं रण पेटलं होतं. त्यातले निम्मे जर्सीत, म्हणजे शेजारच्या राज्यात, राहतात.

असो. आईची गोष्ट सांगते. ज्यांनी आधी ऐकली आहे त्यांनी परत ऐका.

२०२० च्या फेब्रुवारीत आई तीन महिन्यांसाठी आली. मार्चमध्ये भारताने विमानं बंद केली आणि ती आमच्या चौथ्या मजल्यावर अडकली. एल्महर्स्ट हॉस्पिटल आमच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर. ते दिवस ज्यांनी इथे काढले त्यांना सांगायला नको, सायरन थांबला की जास्त भीती वाटायची. सात आठवडे आई लिफ्टमध्येसुद्धा गेली नाही. खिडकीत उभी राहून विष्णुसहस्रनाम म्हणायची आणि मध्येच "ही आणखी एक गेली गं" म्हणायची. अँब्युलन्स.

मे महिन्यात, लोकांना मोकळं फिरता यावं म्हणून, आमच्या खिडकीखालचा ३४ व्या अव्हेन्यूचा रस्ता दिवसा गाड्यांना बंद झाला. पुढे वाढत वाढत तो २६ ब्लॉक झाला, ६९ व्या स्ट्रीटपासून जंक्शन बुलेव्हार्डपर्यंत, सव्वा मैलाच्या वर. आमच्या भागात बागा नाहीत म्हटलं तरी चालेल. ज्या इमारतींच्या आत सुंदर बागा आहेत त्यांना कुलपं आहेत. एक ट्रॅव्हर्स पार्क, त्यात अख्खा मोहल्ला. त्यामुळे रस्ता बंद होणं म्हणजे काय, हे लाँग आयलंडच्या बॅकयार्डमध्ये बसून नाही कळणार.

सुरुवातीला सकाळी बॅरिकेड लावायची आणि रात्री काढायची, हे काम शेजारपाजारचे लोकच करायचे. आई पहिल्या दिवशी फक्त बघून आली. दुसऱ्या दिवशी फोल्डिंगची खुर्ची घेऊन गेली. तिसऱ्या दिवशी मी खिडकीतून खाली पाहते, तर आई हिरव्या इरकलीवर नारिंगी जाकीट घालून, पायात माझे बूट, बांगलादेशातल्या सिल्हेटच्या एका खालांबरोबर (खाला म्हणजे मावशी) लोखंडी बॅरिकेड ओढतेय! एक टोक हिच्या हातात, एक त्यांच्या. आईचं हिंदी सांगलीचं आणि खालांना बांगलाशिवाय काही येत नाही. बोलत मात्र दोघी अखंड होत्या.

तर, पाहुणे.

रस्ता बंद असला की पार्किंगचा त्रास होतो, मान्य. आणि डिलिव्हरीच्या मोपेड त्या रस्त्यावरून भरधाव जातात, तेही मान्य. झालं? पुढे जाऊ?

२०२१ च्या डिसेंबरमध्ये सिटी कौन्सिलने ३३ विरुद्ध १४ मतांनी कायदा केला की ग्रीनकार्डवाल्यांना आणि ज्यांच्याकडे काम करायचा परवाना आहे त्यांनाही शहराच्या निवडणुकांमध्ये मत देता येईल. सुमारे ८ लाख माणसं. त्यात मी होते. मी आयुष्यात एकदाच मत दिलंय, २००४ मध्ये सांगलीत, शाई वाळायच्या आत बोट कॅमेऱ्यापुढे धरलं होतं. तिथे मत द्यायचं तर स्वतः जाऊन उभं राहावं लागतं आणि इथे मी ग्रीनकार्डच्या रांगेत. म्हणजे दोन देशांत कर, एकाही देशात मत नाही. त्या रात्री मी नवऱ्याला म्हटलं होतं, आता बघ, रांगेत सगळ्यात पुढे मी असणार.

एकही निवडणूक झाली नाही त्या कायद्याखाली. खटला स्टेटन आयलंडच्या कोर्टात सुरू झाला आणि मार्च २०२५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च कोर्टाने ६ विरुद्ध १ ने कायदा रद्द केला. न्यूयॉर्क राज्याच्या घटनेत 'नागरिक' असा शब्द आहे, म्हणाले. शब्द आहे, हे खरंच आहे. पण याच शहरात २००२ पर्यंत शाळा मंडळांच्या निवडणुकीत नागरिक नसलेले आईबाप मत देत होतेच की. तेव्हा आकाश कोसळलं नव्हतं.

त्या दिवशी मी रडले. हसायचं तर हसा.

म्हणून म्हणते, जे उरलंय ते तरी घ्या! या शहरात ५९ कम्युनिटी बोर्ड, म्हणजे भागाभागाच्या सल्लागार समित्या, आहेत, प्रत्येकावर पन्नासपर्यंत माणसं, पगार शून्य. बरो प्रेसिडेंट, म्हणजे शहराच्या पाच विभागांपैकी एकेकाचा प्रमुख, नेमणूक करतो, त्यातली निम्मी नावं नगरसेवक सुचवतात. नागरिकत्वाची अट नाही. सोळा वर्षांची पोरंसुद्धा बसू शकतात. ठरवायचा अधिकार नाही, फक्त मत नोंदवता येतं, हेही सांगून टाकते, नाहीतर दादा तेच पकडून बसतील. पण बारचा परवाना, नवी इमारत, बसचा मार्ग, सगळं तिथून जातं. आपली ग्रामसभाच, फक्त इथे माइकवर माणसाला दोन मिनिटं मिळतात आणि घड्याळ समोर लावलेलं असतं.

मी एकदाच बोलले आहे अशा एका सुनावणीत, ३४ व्या अव्हेन्यूबद्दल. कागदावर नऊ मुद्दे लिहून नेले होते. उभी राहिले आणि सगळे विसरले. मग आईची खुर्ची सांगितली. इरकल कशी असते ते इंग्रजीत सांगताना चाळीस सेकंद गेले. मागून कोणीतरी ओरडलं, "तू इथली तरी आहेस का?" अध्यक्षांनी त्याला गप्प केलं, पण माझी वीस सेकंदं गेली ती गेलीच. आणि आज सकाळी दादांनी मराठीत तेच विचारलं ना? त्या ओरडणाऱ्याचा मला इतका राग आला नव्हता.

टॅक्सीवाल्यांचं उपोषण आठवतं का? २०२१, सिटी हॉलच्या बाहेर, पंधरा दिवस. मेडॅलियनच्या, म्हणजे टॅक्सीच्या परवान्याच्या, कर्जात बुडालेली माणसं, त्यात आपल्या उपखंडातले कितीतरी. तेव्हा आमदार असलेले ममदानीही उपोषणाला बसले होते. शेवटी कर्ज १ लाख ७० हजार डॉलरवर आणलं आणि शहराने हमी घेतली. तो माणूस तुम्हाला आवडत नसेल तर नको आवडू दे, मला काही फरक पडत नाही. पण रस्त्यावर बसल्याने काही होत नाही, असं डोंबल कोणी मला सांगू नये.

(आता तुपाचा वास येतोय, कढवायला ठेवलेलं विसरले. आले.)

हं. जळलं थोडं. बेरी चांगली निघाली पण.

जरा शांत झाल्यावर एक कबूल करते. आजकाल व्हिसावरच्या माणसाला कुठल्याही सरकारी दिसणाऱ्या फॉर्मवर नाव घालायची धास्ती वाटते, आणि ती खोटी नाही. मतदार नोंदणीच्या फॉर्मवर चुकून सही केली तरी आयुष्याचं वाटोळं होऊ शकतं. बजेटचं हे मतदान म्हणजे ते निवडणुकीचं मतदान नाही, पण घाबरलेल्या माणसाला फरक समजावून सांगावा लागतो आणि मी काल तो सांगितला नाही. नुसती लिंक फेकली. कदाचित दादांनाही भीतीच वाटली असेल आणि ती म्हणीत गुंडाळून पाठवली असेल.

आणि दुसरं. ही म्हण मला इतकी का झोंबली, तेही सांगते. त्या दिवशी खिडकीतून मी आईला हाच डायलॉग मारला होता. अगदी हाच. चौथ्या मजल्यावरून ओरडले, "आई, लष्कराच्या भाकऱ्या कशाला भाजतेस? वर ये!" तिने मान वर केली, मास्क खाली ओढला आणि म्हणाली, "ते बघू नंतर. खालांचा गुडघा दुखतोय, तू खाली येऊन त्यांचं टोक धर."

गेले. दुसरं काय करणार.

ऑगस्टमध्ये वंदे भारतच्या विमानाने आई परत गेली. खाला अजून दिसतात. मला नावाने नाही, "दीदीर मेये" म्हणून हाक मारतात, म्हणजे ताईंची मुलगी.

मगाशी आईला फोन करून सगळं सांगितलं, दादांसकट. वाटलं, ती माझी बाजू घेईल. तिने एवढंच विचारलं, "माझी खुर्ची टाकून तर नाही ना दिलीस?"

नाही टाकली. कपाटात आहे, कोटांच्या मागे. काढून पुसून ठेवली. मतदान रविवारपर्यंत आहे. दादा, लिंक परत पाठवू का? या वेळी नीट समजावून सांगते, घरी या चहाला.